पूरपट्ट्यातील जुन्या घरावर मजला: सांगलीतील एका स्थापत्य सल्लागार कार्यालयाच्या सेवेचे परीक्षण

सांगलीच्या पूरपट्ट्यात ज्यांची जुनी बैठी घरे आहेत, त्यांच्यापुढे २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर एकच प्रश्न उभा आहे. घर विकून विश्रामबाग किंवा विजयनगरच्या बाजूला जावे, की आहे त्याच जागेवर मजला चढवून राहावे? आमच्या कुटुंबाने दुसरा मार्ग पत्करला आणि त्यासाठी शहरातील एका स्थापत्य सल्लागार कार्यालयाची सेवा घेतली. तपासणी, नकाशे, महापालिकेची परवानगी, अंदाजपत्रक आणि कामावरील देखरेख एवढी जबाबदारी कार्यालयाकडे होती. प्रत्यक्ष बांधकामाचा ठेकेदार आम्ही त्यांच्या सल्ल्याने स्वतंत्रपणे नेमला. आता वरच्या मजल्यावर राहायला गेल्यानंतर, एक पावसाळा पाहून झाल्यावर, हे परीक्षण लिहीत आहे. कार्यालयाचे नाव देण्यापेक्षा त्यांची कामाची पद्धत आणि तिच्यातील उणिवा सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण हीच पद्धत आपण कोणत्याही अभियंत्याकडे मागू शकतो.

माझे मत आधीच सांगतो. या कार्यालयाने घेतलेले शुल्क वसूल झाले, आणि ते मुख्यतः पहिल्याच टप्प्यात वसूल झाले. इतर ठेकेदारांनी घर पाहून लगेच चौरस फुटाचा दर सांगितला होता. या कार्यालयाने दर सांगण्यापूर्वी आमच्या जोत्याची पातळी मोजली. सांगलीत घराच्या खर्चाचा हिशोब पाण्याच्या पातळीपासून सुरू झाला पाहिजे आणि जो सल्लागार तसा तो सुरू करत नाही त्याच्या अंदाजपत्रकावर विसंबू नये, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजली जाते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. पाणी ४० फुटांच्या आसपास आले की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या भागांची धावपळ सुरू होते, हे प्रत्येक सांगलीकराला पाठ आहे. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे पोहोचले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या आसपास आले. मात्र आयर्विनच्या या आकड्याचा आपल्या घराच्या उंबऱ्याशी नेमका काय संबंध आहे, हे बहुतेकांना अंदाजानेच माहीत असते. कार्यालयाच्या अभियंत्याने लेव्हल यंत्र लावून जोत्याची उंची जवळच्या ज्ञात पातळीशी जोडून घेतली, भिंतीवर अजून दिसणारी २०१९ ची पाण्याची रेघ मोजली, २०२१ ची रेघ मोजली आणि तीन आकडे एका कागदावर मांडून दिले. आयर्विनजवळ साधारण साडेबावन्न फूट पाणी झाले की आमच्या घरात पाणी शिरते, असा निष्कर्ष निघाला. नदीच्या पाण्याला उतार असतो आणि आत शिरणारे पाणी नाल्यांमधून, गटारांमधून फिरून येते, त्यामुळे हा आकडा फक्त आमच्या घरापुरता खरा आहे, असेही त्यांनी अहवालात लिहिले. वरच्या मजल्याची फरशी या हिशोबाने २०१९ च्या रेघेच्या पाच फुटांहून अधिक वर येणार होती. हा आकडा हाती आल्यावर पुढचे सगळे निर्णय सोपे झाले.

घर १९९० च्या दशकातले, नऊ इंची विटांच्या भाराच्या भिंतींचे, वर लोखंडी अँगलवर पत्रा. दोन ठेकेदारांनी पत्रा काढून याच भिंतींवर थेट स्लॅब टाकावा आणि वर मजला घ्यावा, असे सुचवले होते. एकाचा दर चौरस फुटाला १,९०० रुपये होता. ८५० चौरस फुटांच्या मजल्याचे ते १६ लाखांच्या आसपास होत होते. कार्यालयाने या पर्यायाला स्पष्ट नकार दिला. अभियंत्याने खालच्या खोलीतील गिलाव्याचा एक फूटभर तुकडा छिन्नीने काढला आणि आतली वीट अंगठ्याने घासायला सांगितली. विटेचा लालसर भुगा बोटाला लागला आणि सांध्यातून क्षारांचा पांढरा थर, म्हणजे लोणा, निघाला. लोणा लागलेल्या, पुरांत दिवसेंदिवस पाण्यात भिजलेल्या त्या भिंतींवर दुसऱ्या मजल्याचा भार टाकायचा, हा विचार त्या क्षणी आमच्या मनातून गेला.

त्यांनी चार पर्याय मांडले आणि प्रत्येकाचा खर्च व धोका लिहून दिला. पहिला पर्याय खालची फरशी दोन फूट उंच करण्याचा. छताची उंची दहा फूट असल्याने खोली आठ फुटांची उरली असती, आणि राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत राहण्याच्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट, धरलेली आहे. शिवाय छातीइतक्या पाण्यापुढे दोन फुटांचा काय उपयोग? दुसरा पर्याय जॅक लावून संपूर्ण घर उचलण्याचा. हे काम करणारी, बहुतेक हरियाणातून येणारी पथके आता देशभर फिरतात. पण आमच्या घराला जोत्यावर सलग काँक्रीटचा बीम नव्हता आणि भिंतींची अवस्था वर सांगितली तशी होती, म्हणून त्यांनी हा पर्याय बाद ठरवला. तिसरा पर्याय घर पाडून खाली वाहनतळ आणि वर दोन मजले घेण्याचा. तो सर्वांत चांगला होता आणि सर्वांत महागही. चौथा पर्याय आम्ही स्वीकारला: जुन्या भिंतींच्या आतल्या अंगाला स्वतंत्र कॉलम उभे करायचे, वरच्या मजल्याचा सगळा भार त्यांच्यावर घ्यायचा आणि जुन्या भिंतींना केवळ आडोशाचे काम ठेवायचे. कॉलम आतून घेतल्याने खोल्यांचे कोपरे अडले, पण बाजूची सोडावयाची मोकळी जागा कमी झाली नाही आणि परवानगीत त्यावरून अडचण आली नाही.

पायाचा भाग थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण सांगलीत खर्चाचे खरे गणित तेथेच बिघडते. नदीकाठच्या भागात आणि शामरावनगरसारख्या सखल वसाहतींत काळ्या मातीचा थर जाड आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. उथळ पायावर उभ्या असलेल्या घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून निघणाऱ्या तिरक्या भेगा याच मातीच्या हालचालीने पडतात आणि त्यांवर दर दिवाळीला लांबी (पुट्टी) भरून रंग देणे ही वरवरची मलमपट्टी होय. कुपवाड-मिरजेच्या माळाकडे थोडे खोदले तरी मुरूम लागतो. तेथील नातेवाइकाच्या घराचा खर्च ऐकून आपल्या घराचा अंदाज बांधणे म्हणूनच चुकीचे ठरते. कार्यालयाने आधी चाचणी खड्डा घेतला. आठ फुटांखालीही काळी मातीच होती. त्यामुळे साध्या फुटिंगऐवजी (उथळ पायाऐवजी) अंडररीम पाईल घ्यावे लागले, म्हणजे गोल भोक पाडून त्याच्या तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग कापायचा आणि त्यात सळई-काँक्रीट भरायचे, जेणेकरून वरची माती कितीही हलली तरी पाईल खालच्या स्थिर थरात रुतून राहतो. अशा पाईलची किमान खोली साडेतीन मीटर असावी, असे भारतीय मानकात सांगितले आहे आणि त्यांनी ती प्रत्येक भोकात टेप सोडून आमच्यासमोर मोजली. जुन्या भिंतीला धोका होऊ नये म्हणून शेजारशेजारची भोके एकाच वेळी न पाडता एकाआड एक घेतली. पाईलना जोडणाऱ्या बीमच्या खाली मातीपासून थोडी पोकळी ठेवण्याचा आग्रहही त्यांनी धरला. ठेकेदाराला ती कटकट वाटत होती. परंतु फुगणारी माती बीमला खालून उचलते, हे अभियंत्याने त्याला तेथेच समजावून सांगितले आणि काम थांबवून सुधारून घेतले.

केवळ पाईल, बीम आणि खालचे कॉलम यांवर सुमारे साडेपाच लाख रुपये खर्च झाले. चौरस फुटाच्या दरात हा आकडा कोठेच दिसत नाही. १,९०० रुपयांचा दर देणाऱ्या ठेकेदाराला नंतर याच आराखड्यावर दर मागितला तेव्हा त्याची बेरीज कार्यालयाच्या अंदाजपत्रकाच्या वर गेली.

अंदाजपत्रक साडेतेवीस लाखांचे होते: पाया आणि खालचे कॉलम साडेपाच, दोन स्लॅबसह वरचा मजला साडेचौदा आणि तळमजल्याची दुरुस्ती साडेतीन. प्रत्यक्ष खर्च २५ लाखांच्या थोडा आत राहिला. वाढलेल्या रकमेचा काही भाग आम्हीच काम चालू असताना सुचवलेल्या बदलांचा आहे. घरबांधणीत एवढी वाढ मी मर्यादित मानतो. याचे श्रेय अंदाजपत्रकाच्या मांडणीला आहे. प्रत्येक बाब वेगळी, तिचे परिमाण वेगळे आणि दर वेगळा लिहिलेला होता. दर ठरवताना सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची आणि स्थानिक बाजारभाव दोन्ही समोर ठेवले होते. मापाच्या पद्धतीचे एक वेगळे पान होते आणि ते मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे ‘ब्रास’ हे माप दोन अर्थांनी चालते: वाळू, खडी, मुरूम यांच्यासाठी १०० घनफूट आणि गिलावा किंवा फरशीसाठी १०० चौरस फूट. बोलीत हे सगळ्यांना ठाऊक असते, पण लेखी करारात ते स्पष्ट नसेल तर बिलाच्या वेळी वाद होतो. तसेच चौरस फुटाच्या दरात बाल्कनी, जिना, छज्जे, पाण्याच्या टाकीचा चबुतरा यांचे क्षेत्र पूर्ण धरायचे, निम्मे धरायचे की मुळीच नाही, हे प्रत्येक ठेकेदार आपल्या सोयीने ठरवतो. कार्यालयाने हे सारे कामापूर्वी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. जुन्या अंदाजपत्रकांशी तुलना करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे की सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीच्या दरपत्रकातील सिमेंटचा भाव तसाच पुढे ओढलेला असेल तर तो बदलून मागावा.

कार्यालयाचे स्वतःचे शुल्क तीन भागांत होते. तपासणी व अहवाल १५,००० रुपये, नकाशे आणि परवानगीचे काम ७०,००० रुपये आणि देखरेखीसाठी बांधकाम खर्चाच्या ४ टक्के. पहिला अहवाल घेऊन पुढचे काम त्यांना न देण्याची मोकळीक होती, ही अट मला अतिशय प्रामाणिक वाटली. महापालिकेचे विकास शुल्क आणि इतर रकमा अर्थातच वेगळ्या. बांधकाम कामगार कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर भरावा लागतो. आमच्या कामाच्या वेळी स्वतःच्या राहण्याच्या घराचा खर्च १० लाखांच्या आत असेल तरच तो लागत नसे; नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाखांची झाली आहे. आमचा खर्च तेव्हाच्या मर्यादेबाहेर असल्याने आम्ही तो भरला.

परवानगीच्या कामात त्यांनी आधी कागदपत्रे तपासली आणि नकाशा नंतर काढला, हे योग्य झाले. आपल्याकडे असा एक समज खोलवर रुजलेला आहे की घरपट्टी नियमित भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर आहे. घरपट्टी ही कराची आकारणी आहे, बांधकामाची मंजुरी नव्हे. कार्यालयाने मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा, मोजणी नकाशा, मूळ मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला एवढे मागितले. मालमत्ता पत्रकावर आमच्या वडिलांचेच नाव होते. वारसांची नोंद झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले. ज्यांची घरे गुंठेवारीतील, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडून विकलेल्या, भूखंडांवर आहेत त्यांच्यासाठी नियमितीकरणाचे प्रमाणपत्र हा पहिला कागद आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासांना नियमितीकरणासाठी पात्र ठरवले गेले. शामरावनगर आणि आसपासच्या वसाहतींतील अनेक कुटुंबांसाठी हे महत्त्वाचे आहे. तो कागद हाती नसताना वाढीव बांधकामाचा नकाशा काढून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

कोणत्या कामाला परवानगी लागते आणि कोणत्या कामाला लागत नाही, याची त्यांनी दिलेली माहिती अचूक होती. गिलावा, रंग, फरशी बदलणे, कौले किंवा पत्रे बदलणे, खिडकी बसवणे किंवा काढणे, अंतर्गत आडभिंत घालणे अशा दुरुस्त्यांना बांधकाम परवानगी लागत नाही. नैसर्गिक आपत्तीत पडलेला घराचा भाग पूर्वी होता तेवढ्याच मर्यादेत पुन्हा उभारणेही यातच येते आणि पूरग्रस्त घरांच्या दृष्टीने ही तरतूद मोठ्या आधाराची आहे. मजला वाढवणे मात्र यात बसत नाही. लहान भूखंडांसाठी नियमावलीत सोपी पद्धत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक तांत्रिक व्यक्तीमार्फत नकाशा, कागदपत्रे आणि शुल्काची पावती सादर करून काम सुरू करता येते, तर त्याहून काहीशा मोठ्या, ठरावीक मर्यादेपर्यंतच्या भूखंडासाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. जागा पूररेषेच्या आत असेल तर प्रश्न वेगळा होतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, अशा या दोन रेषा आहेत. नदीपात्र आणि निळी रेषा यांच्यामध्ये नव्या बांधकामास मनाई आहे. तेथील अधिकृत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला जलसंपदा विभागाच्या ना-हरकतीने आणि उंचीच्या अटीवर वाव ठेवलेला आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंचीवर असावे लागते. आमची जागा या दोन रेषांच्या दरम्यान आहे. जोत्याची मोजलेली पातळी येथे पुन्हा कामी आली, कारण वरच्या मजल्याची फरशी त्या पातळीच्या वर आहे हे नकाशावर आकड्यांनिशी दाखवता आले.

परवानगी मिळाल्यावर तिची मुदत एक वर्षाची असते आणि काम लांबले तर वर्षावर्षाने आणखी तीन वर्षांपर्यंत वाढवून घेता येते. हे सांगायला कार्यालय विसरले नाही. वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांतील ग्रामपंचायत हद्दीतील वाचकांसाठी एवढेच लिहितो की शासनाने २०२१ मध्ये ग्रामीण भागातील लहान घरांसाठी वेगळी, सोपी पद्धत लागू केली; तरीही पूररेषेची पडताळणी तेथेही टाळता येत नाही.

कामाच्या दर्जाबाबत स्लॅबचा दिवस सांगतो. बीममधल्या रिंगांचे हुक कामगारांनी काटकोनात वळवले होते. अभियंत्याने ते काँक्रीट ओतण्यापूर्वी १३५ अंशांत आत वळवून घेतले आणि ते पूर्ण होईपर्यंत मिक्सर सुरू करू दिला नाही. कोयनानगरचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्या पिढीने अनुभवला, तिला या आग्रहाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. काटकोनातले हुक जोराच्या हादऱ्यात उघडतात आणि आतली सळई बाहेर फुगते. काँक्रीटसाठी बोअरचे पाणी वापरण्यास त्यांनी मनाई केली होती. कृष्णाकाठच्या अतिसिंचित पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्या आहेत, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे, पण तेच क्षार बोअरच्या पाण्यातून भिंतीत आणि स्लॅबमध्ये येतात, याकडे बांधकाम करणाऱ्यांचे लक्ष जात नाही. नळाचे पाणी साठवण्यासाठी आम्हाला तात्पुरती टाकी घ्यावी लागली. स्लॅबवर आळी करून पाणी कोंडले आणि दहा दिवसांहून अधिक ते आटू दिले नाही, कारण राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला साध्या सिमेंटपेक्षा अधिक दिवस पाणी लागते.

वेळेचे नियोजनही स्थानिक परिस्थिती जाणून केलेले होते. पायाचे काम दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्यात स्लॅब पूर्ण करायचा, विटा भट्टीच्या हंगामातच उचलून ठेवायच्या, मुरुमाची वाहतूक साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असताना ठेवायची नाही, कारण तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉली उसाच्या वाहतुकीत अडकलेल्या असतात. जत आणि विजापूरकडून येणारे मजूर सणावाराला गावी जातात, त्याचेही दिवस वेळापत्रकात सोडलेले होते.

तळमजल्यावर पाणी येणारच, हे गृहीत धरून त्याची दुरुस्ती केली. माझ्या मते या सेवेतील हा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग आहे. २०१९ च्या रेघेच्या एक फूट वरपर्यंत जुना गिलावा पूर्ण काढला, सांधे खरवडले आणि भिंती तशाच उघड्या ठेवून वाळू दिल्या. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आणि कपाटांत प्लायवूड कोठेही नाही. कडाप्प्याचे कप्पे आणि ॲल्युमिनियमची दारे आहेत. न्हाणीघरांच्या चौकटी ग्रॅनाइटच्या आहेत. तळमजल्याची सगळी वायरिंग छताकडून खाली आणली, बटणांचे बोर्ड रेघेच्या वर घेतले आणि तळमजल्याचा विद्युतप्रवाह वरून स्वतंत्र बंद करता येतो. महावितरणकडे अर्ज करून मीटरही वर घेतला. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवला. पुराचे पाणी दारातून येण्याआधी शौचालयाच्या भांड्यातून वर येते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या एका व्हॉल्व्हची किंमत कळेल. जिना बाहेरून घेतला आणि त्याचा मधला टप्पा २०१९ च्या रेघेच्या वर ठेवला, म्हणजे वेळ आली तर बोट थेट तेथे लावता येईल.

आता उणिवा. देखरेखीचे शुल्क टक्केवारीने घेणाऱ्या कार्यालयाने सगळ्या टप्प्यांवर सारखेच लक्ष द्यायला हवे होते, तसे झाले नाही. पाया आणि स्लॅबच्या वेळी मुख्य अभियंता स्वतः उभा असे. नळकाम आणि फरशीच्या वेळी मात्र एक शिकाऊ मुलगा येऊन छायाचित्रे काढून जात असे. परिणामी वरच्या न्हाणीघराच्या फरशीचा उतार जाळीच्या उलट बाजूला गेला, पाणी कोपऱ्यात साचू लागले आणि फरशी उखडून पुन्हा बसवावी लागली. त्याचा खर्च ठेकेदाराने सोसला, परंतु उखडताना खालचा जलरोधक थर दुखावला गेला होता आणि तो पूर्ण नव्याने करावा, हे आम्हाला आग्रहाने सांगावे लागले. नळजोडणीचा तपशीलवार नकाशा त्यांनी दिलाच नव्हता. भिंतीत कोणता पाईप कोठून गेला आहे याची छायाचित्रे आम्ही ठेवली नसती तर आज खिळा ठोकतानाही भीती वाटली असती.

दुसरी उणीव अंदाजपत्रकातील वगळलेल्या बाबींची. राडारोडा उचलण्याचा खर्च, मीटर हलवण्याचे शुल्क, कामाच्या काळातील भाड्याचे घर आणि तात्पुरती पाण्याची टाकी यांपैकी एकही बाब त्यात नव्हती, आणि या सगळ्यांची बेरीज लाखाच्या पुढे गेली. ही रक्कम वर दिलेल्या २५ लाखांत धरलेली नाही. एवढे बारकाईने लिहिलेल्या अंदाजपत्रकात या बाबींसाठी एक ओळ असायला हवी होती. निघालेले जुने पत्रे आणि लोखंडी अँगल यांची किंमतही आम्ही विचारल्यावरच बिलातून वजा झाली.

तिसरी तक्रार रंगाची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. भिंती वाळण्यासाठी उघड्या ठेवण्याचा निर्णय योग्य होता, पण पावसाळ्यापूर्वी काम संपवण्याच्या घाईत एका खोलीचा गिलावा आणि रंग लवकर उरकला गेला. त्याच खोलीत पहिल्या पावसाळ्यानंतर जोत्याच्या वर हातभर लोणा पुन्हा दिसू लागला आहे. बाकीच्या खोल्या कोरड्या आहेत. कार्यालयाने पाहणी करून ती भिंत उन्हाळ्यात पुन्हा उघडी करून द्यायचे लेखी मान्य केले आहे.

ठेकेदाराच्या अंतिम बिलातील ५ टक्के रक्कम एक पावसाळा पूर्ण होईपर्यंत राखून ठेवण्याची अट कार्यालयाने करारात आधीच घातली होती. लोणा लागलेली ती भिंत आणि जिन्यावरील छज्ज्याची एक बारीक गळती या दोन कामांपुरती रक्कम आम्ही अजून दिलेली नाही, आणि कार्यालयाने त्या बाबतीत ठेकेदाराची बाजू न घेता आमच्या बाजूने पत्र दिले. भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज आणि वाढीव मजल्याची घरपट्टीसाठी नोंद ही दोन्ही कामे त्यांच्या शुल्कातच धरलेली आहेत. पूरपट्ट्यातील जुन्या घराची वाढ किंवा मजबुतीकरण करायचे असेल तर तपासणी, पाया आणि परवानगीसाठी असेच काम करणारे कार्यालय नेमावे. नळकाम, फरशी आणि रंग या टप्प्यांसाठी मात्र अभियंत्याने कोणत्या दिवशी स्वतः हजर राहायचे, हे करारात तारखेऐवजी कामाच्या टप्प्यानुसार लिहून घ्यावे आणि देखरेखीच्या शुल्काचा हप्ता त्या हजेरीशी जोडावा.